त्रेचाळीस नंबरचा बिल्ला

सिंदी (मेघे)
सोमवार, १४ जानेवारी १९५७

ताई,

जयभीम. कार्डाच्या माथ्यावर 'श्री' लिहायला हात गेला आणि मागे आला. दीक्षा घेऊन तीन महिने झाले तरी हाताची सवय सुटत नाही. तू असतीस तर हसली असतीस.

गुरुवारी मी उठायच्या आत तू निघून गेलीस. शेजारच्या जिजाबाई म्हणाल्या की तू आर्वीच्या मोटारीत बसलीस, म्हणजे रोहण्याला मामांकडेच गेली असशील असं धरून हे कार्ड टाकते. रागावली असलीस तरी पोचल्याचं कळवायला काय झालं होतं?

इथे एक वाईट झालं. जिजाबाईंची सून धुरपता शुक्रवारी गेली. कापसाच्या जीनमध्येच, दुपारी. तुझ्या सतरा नंबरच्या रेच्यामागे, सरकी पडते तिथे, जो लोखंडी दांडा फिरतो, त्यात तिचं लुगडं अडकलं. हिरालाल मुनशी म्हणतो की ती कापूस चोरायला आत शिरली होती, रजिस्टरात तिचं नाव नाही, जीनचा तिच्याशी काही संबंध नाही. पोलिसांनीही तेच लिहून नेलं. मी काय सांगू, मला काही ठाऊक नाही.

आणखी एक. तुझा त्रेचाळीस नंबरचा बिल्ला पाटीवरच्या खिळ्याला नाही. तू सोबत नेलास का? मुनशी सारखा विचारतो. उलट टपाली कळव.

मी बरी आहे. झोप कमी होते, पण हंगामात ती कमीच असते.

तुझी
कांता


सिंदी (मेघे)
शुक्रवार, १८ जानेवारी

ताई,

कार्डाला उत्तर नाही, म्हणून आता पाकीट पाठवते. पाकीट मामा फोडणार नाहीत. तू बोट ठेवून वाचतेस म्हणून अक्षर मोठं काढते आहे, पण घाईत कुठे वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घे. हे मी जेवणाच्या सुटीत, सरकीच्या पोत्यांआड बसून लिहिते आहे. दोन ओळी लिहिते आणि उठून दाराकडे बघून येते.

कार्डावर लिहिलं होतं की मला काही ठाऊक नाही. ते खोटं होतं.

धुरपता चोरायला आली नव्हती. ती तुझ्या बिल्ल्यावर कामाला आली होती. आणि तिला मीच बोलावलं होतं.

तू गेलीस ती गुरुवारी. जीनचा नियम तुला मी काय सांगणार, पण सांगते, कारण आठ दिवस तो माझ्या डोक्यात ठोके घालतो आहे. आठ रेचे, आठ बाया, एक ओळ. एक रेचा दोन दिवस रिकामा राहिला की सगळी ओळ घरी, आणि फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या दुसऱ्या आठ जणी आत. म्हणून तर आपल्या बाया बदली देतात. कोणी बाळंत झाली तर जाऊ येते, कोणाला ताप आला तर आई येते, तिचा बिल्ला कमरेला बांधून उभी राहते. मी बिल्ल्याचा नंबर बघून हजेरी लावते, तोंड बघत नाही. तू सहा हंगाम याच बदलीवर ओळ टिकवलीस. मला ही हजेरीची लेखणी मिळाली तेव्हा पहिला धडा तूच दिला होतास, की कांते, तोंड पाहू नको.

गुरुवारी तुझा रेचा रिकामा होता. हिरालाल ओळीपुढून दोनदा गेला, बोटानं बाया मोजत. मग आपल्या ओळीतली सुमित्राबाई गुळाचा खडा चघळत माझ्याजवळ आली. तुला तिची रीत माहीत आहे, आवाज चढवत नाही. म्हणाली, "तुही बहीण गेली कांते, आता तूच पाह्य." संध्याकाळी मी धुरपताकडे गेले. ती रानात वेचणीला जाणारी बाई, रेच्यासमोर कधी उभी राहिली नव्हती. मला म्हणाली की तिला हे मशीन येत नाही, भीती वाटते. मी हसले. म्हटलं, कापूस हातानं पुढे सारायचा, त्यात यायचं काय?

शुक्रवारी सकाळी तुझा बिल्ला मीच खिळ्यावरून काढला आणि तिच्या हातात दिला.

रजिस्टरात त्या दिवशी बिल्ला त्रेचाळीस, कमला, हजर असं आहे. माझ्या अक्षरात. कागदावर तू दिवसभर काम केलंस आणि भोंगा झाल्यावर धडधाकट घरी गेलीस. कागदावर कोणी मेलंच नाही.

जिजाबाई रोज भोंग्याआधी फाटकाशी येऊन बसतात. रडत नाहीत, कोणाला शिव्या देत नाहीत. मी दिसले की उठतात आणि तेच ते म्हणतात, "माही सून चोर नोहोती. एवढं कागदावर लिहून दे मले." मुलगा गेल्यापासून त्या घरात सासू-सून दोघीच होत्या. दोन दिवस मी त्यांना उद्या म्हणाले. आता मागच्या फाटकानं आत जाते.

तू ये. 'शुक्रवारी मी इथे नव्हते' एवढं तू मुनशीच्या तोंडावर सांगितलंस तर पुढचं आपोआप उलगडेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. हे लिहिलं आणि माझीच मला लाज वाटली. पण खोडत नाही.

कांता


सिंदी (मेघे)
मंगळवार, २२ जानेवारी

ताई,

परवा नागपूरचे फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत. जीनमध्ये माणूस मेला की त्यांना यावं लागतं, मग तो चोर असो की साव.

आज हिरालालनं मला हपिसात बोलावलं. बसायला खुर्ची दिली. सहा महिन्यांत त्यानं मला कधी स्टूलसुद्धा दिलं नव्हतं. टेबलावर एक नवाकोरा पितळी बिल्ला होता, त्रेचाळीस नंबरचा. कोपऱ्यात एक बाई उभी होती, चौकीदाराच्या नात्यातली असावी, पदर ओढून. इन्स्पेक्टर समोर असताना मी नेहमीसारखी हजेरी घ्यायची आणि त्रेचाळीस म्हटलं की ही बाई ओ देणार. कमला हजर, कमला जिवंत, मग मेली ती कोण? चोर. इतकं सरळ.

"कांताबाई, तुम्ही फक्त हजेरी पुकारा. बाकी हम देख लेंगे," असं म्हणून तो हसला. नंतर आपल्या गल्लीचं नाव घेतलं, तू रोहण्याला असतेस तेही बोलून दाखवलं. मी तर त्याला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी एक माणूस पान खात उभा असतो. पाणी आणायला गेले तरी तो असतो. कदाचित त्याचा माझ्याशी काही संबंध नसेल. मी कडी दोनदा लावून बघते, हे मात्र खरं.

सुमित्राबाई घरी आली होती. माझ्याच चुलीपुढे बसून तिनं ओळीतल्या सात जणींची नावं घेतली, कोणाच्या घरी किती लेकरं ते सांगितलं. मी बदलीचं बोलले तर मुनशी ओळ तोडणार, आणि नुसती आपलीच नाही, बदली देणाऱ्या सगळ्या बाया घरी बसणार. मेलेली काही परत येत नाही, असं म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

आता जे लिहिते आहे ते वाचून तू पत्र फाडशील. फाड, पण आधी पूर्ण वाच.

तुझा बिल्ला तू नेला नव्हतास हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तो माझ्याजवळ आहे. तांदळाच्या डब्यात, तळाशी.

शुक्रवारी ओरडा झाला तेव्हा बाया घाबरून मागे सरल्या, मी दाराशी होते, म्हणून तिच्याजवळ सर्वांत आधी मीच पोचले. इंजिनाकडून कोणीतरी पट्टा उतरवून दांडा थांबवला होता. धुरपता खाली पडली होती. लुगडं दांड्याला पीळ घालून बसलं होतं. बाकीचं मी लिहीत नाही. ती जिवंत होती ताई. डोळे उघडे होते, मला ओळखत होती. मला तिच्या कमरेची गाठ दिसली आणि गाठीत तुझा बिल्ला. मला तेव्हा काय सुचलं असेल सांग. पाणी सुचलं नाही, डॉक्टर सुचला नाही. सुचलं ते एवढंच की हा बिल्ला कोणी पाहिला तर माझी खोटी हजेरी उघडी पडेल.

मी गुडघे टेकून गाठ सोडायला लागले. तिला वाटलं, तिला श्वास घेता यावा म्हणून मी लुगडं सैल करते आहे. म्हणाली, "हौ, थोडं ढिलं कर." मी बिल्ला मुठीत घेतला. एवढ्यात बाकीच्या आल्या आणि मी बाजूला झाले.

तिला चोर मुनशीनं नाही केलं. तिच्या अंगावर बिल्ला असता तर त्याची हिंमत झाली नसती.

ऑक्टोबरात नागपूरला आपण उभ्या राहून म्हटलं होतं की खोटं बोलणार नाही. तू माझ्या डाव्या बाजूला होतीस, उन्हात तुझा आवाज बसला होता तरी मोठ्यानं म्हणत होतीस. मी पण म्हटलं. मला तेव्हा ते फार सोपं वाटलं होतं. आपल्यासारख्यांना खोटं बोलायचं कामच काय पडणार, असं मी परतताना गाडीत म्हणाले होते, आठवतं?

परवा काय करायचं ते मला माहीत नाही. तू असतीस तर चार शब्द सुनावले असतेस आणि मोकळी झाली असतीस.

कांता


सिंदी (मेघे)
शनिवार, २६ जानेवारी

ताई,

आज झेंड्याची सुटी, जीन बंद आहे. भोंगा वाजला नाही तरी मी त्या वेळेला उठून बसले. आता लिहिते.

गुरुवारी सकाळी सगळ्या बायांना अंगणात रुईच्या ढिगापुढे ओळीनं उभं केलं होतं. इन्स्पेक्टर साहेब वयस्क आहेत, चष्मा पुसत राहतात, बोलतात कमी. टेबलाशी ते, शेजारी हिरालाल, आणि मी रजिस्टर घेऊन उभी. साहेबांनी सांगितलं की नंबर पुकारल्यावर प्रत्येकीनं नुसती ओ द्यायची नाही, बिल्ला आणून टेबलावर ठेवायचा. हिरालालची मान जराही हलली नाही. त्याची तयारी होती.

मी पुकारायला लागले. एक, दोन, तीन. बाया येत होत्या, बिल्ला ठेवून मागे जात होत्या. सुमित्राबाईनं बिल्ला ठेवताना माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर धरला. प्रत्येक नंबराबरोबर वाटत होतं की अजून वेळ आहे. एकेचाळीस. बेचाळीस.

त्रेचाळीस म्हटलं आणि ती चौकीदाराकडची बाई आली. नवा बिल्ला चकचकत होता. बाकी सगळे बिल्ले हाताळून काळपट झालेले, आणि तो एक देवापुढच्या ताम्हणासारखा. साहेबांनी चष्मा वर केला, बिल्ल्याकडे पाहिलं. पुढचा नंबर म्हणून मला खूण केली.

मी पुढचा नंबर पुकारला नाही. माझ्या कमरेला तुझा बिल्ला होता, धुरपतासारखाच गाठीत बांधलेला. सकाळी डब्यातून काढताना माझं अजून ठरलं नव्हतं. गाठ लवकर सुटेना. सगळे बघत होते. शेवटी मी तो काढला आणि नव्या बिल्ल्याशेजारी ठेवला. तू पहिल्या हंगामात त्याच्या काठावर खिळ्यानं कोर पाडली होतीस ना, तेव्हा तुला आकडे येत नव्हते म्हणून. ती कोर साहेबांना बोटानं दाखवली.

म्हटलं, "हा खरा त्रेचाळीस नंबर. कमला माझी बहीण आहे, ती इथे नाही. त्या शुक्रवारी हा बिल्ला धुरपताच्या कमरेला होता. हजेरी मी खोटी लावली आणि बिल्ला मीच काढून घेतला."

हिरालाल मला खोटारडी म्हणाला, मग वेडी म्हणाला. साहेबांनी त्याला गप्प केलं. मग त्यांनी ओळीकडे वळून विचारलं की ही बाई सांगते ते खरं का. ताई, सगळ्या जणी पायांकडे बघत राहिल्या. मग मागून भागीरथा म्हणाली की खरं आहे. ती सतरा नंबरशेजारी काम करायची, तिच्या लुगड्यावर रक्त उडालं होतं. ती बोलली तशा आणखी दोघी. सुमित्राबाई शेवटपर्यंत बोलली नाही. मला तिचा राग येत नाही, खरंच येत नाही.

साहेबांनी माझा जबाब लिहून घेतला. दांड्यावर जी जाळी असायला हवी ती कधी काढली होती, ती काढल्याचं मला आधी कोणी सांगितलं होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, यंत्रातलं मला काही कळत नाही.

हे वाचून तुझं बोट थांबेल. मला माहीत आहे.

साहेब ५ फेब्रुवारीला, मंगळवारी, परत येणार आहेत. खऱ्या कमलेनं येऊन सांगितल्याशिवाय माझा जबाब अर्धाच राहतो. ये म्हणायला मला तोंड नाही, तरी ये. माझ्यासाठी नको. जिजाबाईंसाठी ये.

कांता


सिंदी (मेघे)
रविवार, ३ मार्च १९५७

ताई,

तू आलीस आणि माझ्या घरचं पाणीसुद्धा न पिता गेलीस. हपिसातून निघालीस ती सरळ मोटारीकडे. मी मागे आले होते, हाक मारायचं धैर्य झालं नाही. म्हणून आता लिहिते, जे तुला ठाऊक आहे तेही आणि तू गेल्यानंतरचंही.

हपिसात तू साहेबांपुढे उभी राहिलीस. खुर्ची दिली तरी बसली नाहीस. मी भिंतीशी होते, तू एकदाही वळून पाहिलं नाहीस. मला वाटलं होतं, तू एवढंच सांगशील की शुक्रवारी तू नव्हतीस. तू म्हणालीस, "शुक्करवारी मी रोहण्याले होती. माह्या बिल्ल्यावर धुरपता होती, माह्या बहिणीनं तिले उभी केली. थ्या दांड्याची जाळी दिवाळीपासून काढून ठेवली हाय. मी बुधवारी हिले सांगतलं होतं, रजिस्टरात लिह्य म्हणून. हिनं लिहलं नाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं का, असं विचारलं.

बुधवारची संध्याकाळ मी चारही पत्रांत लिहिली नाही. तू जेवायची थांबलीस आणि म्हणालीस की सतरा नंबरमागची जाळी लावल्याशिवाय तू तिथे उभी राहणार नाहीस, सरकी लवकर ओढता यावी म्हणून त्यांनी ती काढून ठेवली आहे, एक दिवस कोणाचा तरी जीव जाईल, आणि माझ्या हाती लेखणी आहे तर मी ते शेऱ्यात लिहावं. मी म्हणाले की तुला काम नको आहे म्हणून निमित्त शोधतेस. वर असंही म्हणाले की माझी लेखणी मी शिकून मिळवली आहे. ज्या बाईनं रेच्यापुढे उभं राहून मला शिकवलं, तिलाच मी हे ऐकवलं. तू ताट सारलंस आणि उठलीस. आणि तिसऱ्या दिवशी मी त्याच रेच्यापुढे धुरपताला उभी केली, तिला हसून.

मी हो म्हटलं. साहेबांनी ते लिहिलं. तुझ्या पाठीत काही हललं का, हे मी बघत होते. मला कळलं नाही.

आता पुढचं. हिरालालला जीनच्या मालकांनी काढलं, तो कुठे गेला माहीत नाही. गल्लीच्या तोंडाशी पान खाणाराही दिसत नाही. सगळ्या दांड्यांना जाळ्या बसल्या. बदली बंद झाली. आपली ओळ तुटली. भागीरथेला दुसऱ्या ओळीत घेतलं, सुमित्राबाई घरी आहे. ती मला पाहिलं की दार लावून घेते. माझी लेखणी गेलीच, ते सांगायला नको. मी आता वेचणीच्या शेवटच्या फेऱ्यांना जाते, पराटीच्या वाळल्या बोंडांच्या टोकांनी बोटं फाटली आहेत. मला याहून मोठी शिक्षा होईल असं वाटत होतं. ती झाली नाही म्हणून बेचैन वाटतं, एका जागी बसवत नाही.

१६ फेब्रुवारीला जिजाबाईंच्या नावे साहेबांचा कागद आला. टाइप केलेला, मराठीत, खाली शिक्का. त्या तो घेऊन माझ्याकडे आल्या. दुसरं कोण वाचून देणार? आपल्या गल्लीत वाचता येणारी बाई मी एकटीच, आता तू नाहीस तर.

त्या उंबऱ्यावर बसल्या. मी वाचायला घेतलं. धुरपता ही कामावर असताना, कामाच्या जागी, यंत्राला जाळी नसल्यामुळे मरण पावली. तिनं चोरी केल्याचा कोणताही पुरावा नाही. मी थांबले. जिजाबाई म्हणाल्या, "चोर नाई ना लिहलं कुठी?" मी म्हटलं, नाही. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. त्या दिवसापासून पहिल्यांदा.

कागद तिथे संपत नव्हता. खाली आणखी दोन ओळी होत्या. हजेरी लिहिणाऱ्या कांता हिला यंत्र धोक्याचे असल्याचे दोन दिवस आधी सांगितलेले होते, तरी तिने मृत बाईस तेथे उभे केले व नंतर तिच्या अंगावरील बिल्ला काढून घेतला.

ताई, त्यांना वाचता येत नाही. मी कागद घडी करून दिला असता तर त्यांना जन्मात कळलं नसतं. त्या मला आशीर्वाद देत गेल्या असत्या. कागद माझ्या हातात होता आणि त्या डोळे पुसत होत्या, तेवढा वेळ मी उभी राहिले.

मग ते पण वाचलं. सावकाश, तुला वाचून दाखवायची तसं, एकेक शब्द.

मला वाटलं त्या अंगावर धावून येतील, निदान शिव्या देतील. मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं, वरपासून खालपर्यंत. त्यांनी कागद घेतला, पदरात बांधला आणि भिंतीला धरून उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "उद्या येजो घरी. अखीन वाचून देजो."

मी गेले. त्यांनी कागद काढून दिला, मी सगळा वाचला, त्यांनी तो परत बांधला. चहा नाही, बोलणं नाही. मग पुन्हा तेच, उद्या येजो. तेव्हापासून रोज रानातून परतले की आधी तिथे जाते. शेवटच्या दोन ओळी आल्या की त्या माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी वाचते.

आज सोळावा दिवस होता. उद्याही जाईन.

तुझी
कांता